चौदा नंबरची वायर

आई-वडिलांच्या खालोखाल माझ्यावर कुणाचे उपकार असतील तर ते आमच्या कॉलेजच्या कंप्युटर लॅबमधल्या असिस्टंटचे. सगळं कॉलेज त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही इथे अण्णाच म्हणतो. ते बेळगावातल्या वडगावच्या विणकरांच्या घरातले. घरात माग चालायचे आणि त्या खडखडाटात लहानपण गेलेलं, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. लॅबच्या दारावर 'शांतता राखा' अशी कन्नडमध्ये पाटी होती. ती अण्णांसाठीच लावलीय, असं पोरं म्हणायची.

मी बेळगावला बीसीएला आलो तेव्हा आमच्या घरातून कॉलेजात जाणारा पहिलाच होतो. आमचं गाव जांबोटीच्या पुढे डोंगरात. भाताची खाचरं, चार जनावरं, आणि गाडीतून उतरल्यावर पाऊण तास चालणं. दहावी मराठी शाळेतून, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी खानापुरात. तोवर कंप्युटर पाहिला नव्हता असं नाही. पण तो मास्तरांनी चालवायचा आणि आम्ही मागे उभं राहून बघायचा.

कॉलेजात मला अभ्यासापेक्षा गाडीची अडचण मोठी होती. तास अडीचला संपायचे आणि आमच्या बाजूची गाडी पावणेचारला सुटायची. ती चुकली की पुढची थेट संध्याकाळी; मग उतरल्यावर रानातून अंधारात चालणं आलं. पावसाळ्यात तर आप्पा, म्हणजे माझे वडील, इरलं पांघरून आणि बॅटरी घेऊन फाट्यावर येऊन थांबायचे. गावात मोबाईलला रेंज नव्हती. त्यामुळे इंटरनेटवरून जे काही घ्यायचं, धड्यांचे व्हिडिओ, नोट्स, सरावाची सॉफ्टवेअर, ते अडीच ते सव्वातीन एवढ्यातच लॅबमध्ये बसून पेनड्राइव्हवर घ्यायला लागायचं. नेमकी त्याच वेळी लॅब भरलेली असायची. चोवीस मशीन आणि लाइन एकच. पडद्यावरची निळी पट्टी पाऊण भरायची आणि माझी निघायची वेळ व्हायची. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

दुसऱ्या सत्रात एकदा मला एका वेबसाइटवर इंटरनेटचा वेग वाढवायचे उपाय सापडले. मी ते सगळे वहीत उतरवून घेतले. खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं मला कळलं नव्हतं. एक गोष्ट मात्र कळली, किंवा कळली असं वाटलं. प्रत्येक मशीनला, बाहेर चिकटवलेल्या नंबराखेरीज, इंटरनेटसाठी आतला एक नंबर असतो. तो आपोआप मिळतो, पण हवा तर आपण हातानंही घालू शकतो.

इथे आमच्या गावच्या रेशन दुकानाबद्दल सांगायला पाहिजे. तांदूळ आल्याचं कळलं की माणसं पहाटेच दुकानासमोर नंबर लावतात. माणूस उभा राहत नाही, त्याच्या नावाचा दगड राहतो. कुणाचा दगड, कुणाची पिशवी, कुणाचं फुटकं तांब्याचं भांडं. माणूस घरी जाऊन दूध काढतो, शेणघाण करतो आणि दुकान उघडल्यावर येऊन आपल्या दगडापाशी उभा राहतो. दगड रांगेतून काढायचा नाही, एवढा एकच नियम. रांग पुढे सरकली आणि दगडाचा मालक अजून आला नसेल, तर मागचा माणूस पायानं त्याचाही दगड पुढे ढकलतो. लहानपणी आप्पांचा दगड ठेवायला मी जायचो. पहिला ठेवता आला की दिवसभर मला मोठं काम केल्यासारखं वाटायचं.

तेव्हा नंबर म्हटलं की मला हेच ठाऊक. चोवीस मशीन रांगेत उभ्या आहेत. ज्याचा नंबर पहिला, त्याला इंटरनेट पहिलं. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचंच मला नवल वाटलं.

त्या बुधवारी मी चौदा नंबरच्या मशीनवर बसलो होतो. मशीनचा पासवर्ड सगळ्या लॅबला ठाऊक होता. सेटिंग उघडली, आपोआप मिळणारा नंबर काढून टाकला आणि नंबराच्या चार चौकटींपैकी शेवटच्या चौकटीत एक घातला. मशीन काहीच म्हणालं नाही. मुकाट्यानं नंबर घेतला. मी निळ्या पट्टीकडे बघत बसलो. पट्टी जागची हलेना. तेवढ्यात मागच्या पोरानं हाक दिली, "अण्णा, नेट गेलं की." मग पुढचा म्हणाला, मग तिसरा. आज लाइनच बंद पडली असणार, असं म्हणून मी सॅक उचलली आणि गाडीला पळालो. आपणच काही केलंय असं बसस्टँडपर्यंत मनातही आलं नाही. गाडी सुटल्यावर मात्र आलं.

गुरुवारी सकाळी लॅबमध्ये इंटरनेट मिनिटभर यायचं, मग दहा मिनिटं जायचं. लाइनवाल्याचा माणूस येऊन बघून गेला. लाइन चांगली आहे, घोटाळा तुमच्या आतच आहे, असं सांगून गेला. अडीचला अण्णांनी चोवीस रकाने आखलेली वही काढली आणि सगळ्या वर्गावरून नजर फिरवली.

"सगळ्यात बारीक कोण हाय रं? टेबलाखाली शिरणारा."

पोरांनी मला पुढे ढकललं.

अण्णांची पद्धत मागावरची होती. ताण्यातला धागा कुठे तुटलाय ते दिसत नसेल तर एका कडेनं सुरू करून बोट फिरवत जायचं, मधला एकही सोडायचा नाही. तसंच इथे. ते दाराशी एक नंबरच्या मशीनवर बसणार. मी टेबलाखालून रांगत जाऊन एकेका मशीनची वायर काढायची. ते दोन मिनिटं थांबून इंटरनेट येतंय का बघणार, वहीत लिहिणार, आणि मी वायर परत लावून पुढे सरकणार. ज्या मशीनची वायर काढल्यावर सगळं सुरळीत होईल, ते मशीन चोर.

"काढलीस?"

"काढली."

"फरक न्हाय. लाव. पुढं चल."

प्रत्येक वायरगणिक हेच. पोरं वर खुर्च्यांवर बसून हसत होती. "अण्णा, उंदीर पाळलाय की चांगला." "वायर खाऊ नगंस रं." मी खाली धुळीतून चौदाच्या दिशेनं सरकत होतो. सेटिंग परत जुनी करावी असं सकाळीच मनात आलं होतं, पण आपोआप मिळणारा नंबर परत कसा आणायचा ते येईना, आणि जुनं काय होतं ते मी लिहूनच घेतलं नव्हतं. शिवाय दारातल्या रजिस्टरमध्ये बुधवारच्या तारखेला चौदासमोर माझं नाव, माझ्याच अक्षरात. चौदाची वायर काढली आणि इंटरनेट आलं, तर रजिस्टर उघडून बघायचीच काय ती देर होती.

चौदा आला. मी वायरीच्या टोकाला हात लावला. बारीकशी खिट्टी असते ती, दाबली की वायर सुटते. मी दाबली नाही.

"काढलीस?"

"काढली, अण्णा."

दोन मिनिटं गेली. इतकी लांब दोन मिनिटं मला आयुष्यात दुसरी आठवत नाहीत.

"फरक न्हाय," अण्णा म्हणाले, आणि पेन वहीवर चालल्याचा आवाज मला टेबलाखाली ऐकू आला. "लाव. पुढं चल."

चोवीस संपले. चोर सापडला नाही. अण्णा वहीकडे बघत डोकं खाजवत राहिले. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी माझ्या शर्टावरची जळमटं स्वतःच्या हातानं झटकली. "लई राबलास," म्हणाले. "जा, तुझी गाडी हुकंल."

मी गाडीला गेल्यावर मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, लॅब विद्यार्थ्यांना बंद केली.

त्या संध्याकाळी आप्पांनी विचारलं की कपडे एवढे कसे मळले. कॉलेजातलं इंटरनेट बंद पडलंय आणि मी दुरुस्तीला मदत करतोय, असं मी सांगून टाकलं. शुक्रवारी सकाळी ते मला सोडायला फाट्यापर्यंत आले आणि गाडीची वाट बघणाऱ्या चार जणांना त्यांनी ऐकवलं, "आमचं पोरगं न्हाय गेलं तर कालेज बंद पडतंय आज." एक म्हातारा म्हणाला, "मग लवकर जा बाबा, आमच्या नातीचंबी कालेज तेच हाय." सगळे हसले. आप्पाही हसले. मी गाडीत खिडकीपाशी बसलो, पण त्यांच्याकडे बघून हात हलवायचं मला सुचलं नाही.

कॉलेजात पोचलो तर विभागाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत अण्णा उभे होते, मॅडम बसल्या होत्या.

"उद्या सकाळी कंपनीची ऑनलाइन परीक्षा आहे," मॅडम म्हणत होत्या. "शेवटच्या वर्षाची चोवीस मुलं बसणारायत. बाहेरनं माणसं यायचीत. नेट नसेल तर त्यांना मी काय दाखवू, तुमची वही?"

"आज संध्याकाळपर्यंत करतो, मॅडम."

"कालही हेच म्हणालात. अण्णा, तुमची नेमणुकीची ऑर्डर दर सहा महिन्यांनी माझ्या सहीनं निघते. उद्याची परीक्षा झाली नाही तर पुढची सही मागायला येऊ नका. वर मी काय सांगू?"

अण्णांनी हातातली वही मिटली. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं ते गप्प राहणं मला सोसवेना. त्यांच्या गल्लीत माग एकेक करून बंद पडत होते, घरात आता हीच नोकरी उरली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिले दोन तास मी वर्गात बसलो, पण मला त्यातलं काही आठवत नाही. मधल्या सुट्टीत लॅबच्या मागच्या दारानं आत गेलो. अण्णा डबा उघडून बसले होते. भाकरी, वांग्याची भाजी, आणि शेजारी ती वही उघडी.

"अण्णा, चौदा नंबरच्या मशीनवर मी एक केलंय."

"काय केलंयस?"

"नंबर बदललाय. बुधवारी."

त्यांनी घास खाली ठेवला. "किती घातलास?"

"एक."

"एक? शंभर न्हाय, दोनशे न्हाय? एक?"

"पहिला नंबर लागावा म्हणून. माझी गाडी पावणेचारची असते."

मी त्यांना रेशन दुकानाचं, दगडाचं, सगळं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसायला पालथा हात लावावा लागला.

"अरं बाबा, हितं रांगच न्हाय. हितं एक म्हंजे दुकान. ह्या सगळ्या मशीनी बाहेर काय मागायचं झालं की एक नंबरच्या पेटीला मागतात, ती भिंतीवरची. तिचा पत्ता एक. आणि तू दुकानाच्या शेजारी तसल्याच पाटीचं दुसरं दुकान काढून बसलास. त्यात तांदूळ न्हाय, काय न्हाय. गिऱ्हाईक येतंय आणि रिकामं जातंय."

मग हसणं थांबलं. "बदलायच्या आधी काय हुतं ते लिवून ठेवलंस?"

"नाही."

"ह्याचा राग येतोय मला. बदललंस त्याचा न्हाय. शिकायचं तर हात लावलाच पायजे. पर जुनं लिवून ठेवल्याबिगर हात लावायचा न्हाय. कळलं?"

कळलं म्हणालो. तेवढ्यात त्यांची नजर वहीवर गेली.

"पर काल चौदाची वायर काढलती की आपण. तवा का न्हाय आलं नेट?"

खरं बोलायची ती वेळ होती. मी अर्धं बोललो होतो, उरलेलं अर्धं तोंडाशी होतं. पण नंबर बदलणं हे अजाणतेपणी झालं होतं आणि 'काढली' म्हणणं जाणूनबुजून. दोन्हींत किती फरक आहे ते मला त्या वयातही कळत होतं. मी खाली बघून गप्प राहिलो.

"मग आणि एक दोष हाय कुठंतरी," अण्णा स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी चौदा नंबरवर जाऊन सेटिंग पूर्वीसारखी केली. पाच मिनिटांत सगळ्या मशीनवर इंटरनेट आलं. ते मॅडमकडे गेले तेव्हा मी मागोमाग गेलो, नाव सांगायची तयारी ठेवून. दारातच त्यांनी हातानं मला थांबवलं. आतलं सगळं बाहेर ऐकू आलं, अण्णांचं बोलणं लपून राहण्यासारखं नव्हतंच.

"मॅडम, एका मशीनची सेटिंग बदलली हुती. पासवर्ड मी सगळ्यांना म्हाईत असा ठेवलता, ती चूक माझी. आज बदलतो."

"कुणी बदलली?"

"ते मी बघून घेतो, मॅडम."

शनिवारची परीक्षा सुरळीत पार पडली. पुढच्या सत्राची ऑर्डरही निघाली. पण शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर अण्णा एकटेच थांबले आणि चोवीसही वायरी पुन्हा तपासल्या, तो दुसरा दोष शोधत. तीन टोकं नवीन बसवली. नंतर कितीतरी महिने, जरा कुठे नेट अडलं की ते म्हणायचे, "त्यो जुना दोष अजून हायच बघ. पावसाची ओल जात असंल वायरीत." प्रत्येक वेळी मी मान डोलवायचो.

त्या सोमवारपासून त्यांनी मला अडीच ते सव्वातीन आपल्याजवळ बसवून घेतलं. शिक्षा म्हणून एक कोरी वही दिली: चोवीसही मशीनचे नंबर, वायरीचं टोक कुठे जातं, कधी काय बदललं, आधी काय होतं, सगळं लिहायचं. त्या वहीनं मला जे शिकवलं ते पुढे कुठल्याच पुस्तकात एवढं सोपं करून सांगितलेलं मिळालं नाही. माझा मूळ प्रश्नही त्यांनी टाकून दिला नाही. वेग पायजे न्हवं, म्हणाले, मग मोजायला शीक. इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते शोधून देणारी जी सेवा असते, तशा चार सेवा आम्ही घड्याळ लावून तपासल्या आणि सगळ्यात लवकर उत्तर देणारी सगळ्या मशीनवर घातली, जुनी वहीत लिहून ठेवून. पानं लवकर उघडायला लागली. मग अण्णांनी एक अडगळीतलं मशीन साफ करून कोपऱ्यात मांडलं. एकानं कुठला व्हिडिओ किंवा सॉफ्टवेअर उतरवलं की त्याची प्रत तिथे ठेवायची. बाकीच्यांनी तिथून घ्यायची. बाहेरच्या एका लाइनीतून तीच गोष्ट चोवीस वेळा आणायची गरज उरली नाही. माझी निळी पट्टी आता मिनिटभरात भरायची. पदवीपर्यंत मला पावणेचारची गाडी मिळत गेली, आणि आप्पांचं बॅटरी घेऊन फाट्यावर थांबणं सुटलं.

पदवी मिळाली तेव्हा आप्पा कॉलेजात आले. अण्णांना बघून त्यांना काय बोलावं सुचेना. घरच्या तांदळाची पिशवी त्यांनी पुढे केली. अण्णा म्हणाले, "तुमच्या पोरानं मला एकदा दोन दिवस नाचवलंय, तेवढं तांदूळ बसतंय त्याला." आप्पांना काही कळलं नाही, तरी ते मोठ्यानं हसले.

आज मी एका रुग्णालयाच्या नेटवर्कचं काम बघतो. हाताखाली दोन मुलं आहेत. त्यांना पहिल्या दिवशी कोरी वही देतो.

मागच्या महिन्यात अण्णांचा फोन आला. कॉलेजात नवीन लॅब झाली, जुनं सामान बाहेर काढलं. वह्या रद्दीत जात होत्या, त्या ते घरी घेऊन आले. "तुझी वही हाय, माझी बी हाय," म्हणाले. "काल बसून वाचत हुतो. त्यो चौदाचा दोष काय मला शेवटपर्यंत घावला न्हाय बघ." फोनवर मी याही वेळी काही बोललो नाही. दोन दिवसांनी हे पत्र टाकलं.

अण्णा, नमस्कार.

तुमच्याशी फोनवर बोलताना जे सांगता आलं नाही ते लिहितो. दुसरा दोष नव्हताच. त्या गुरुवारी टेबलाखालून मी 'काढली' म्हणालो, पण चौदाची वायर मी काढली नव्हती. हात लावून बसलो होतो. रजिस्टरमध्ये माझं नाव होतं आणि मला कॉलेजातून घालवतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाही मी गप्प राहिलो. माझ्या एका शब्दामुळे तुम्ही शुक्रवारी एकटे थांबून चोवीस वायरी तपासल्यात, आणि इतकी वर्षं त्या वायरीत ओल शोधत राहिलात. मॅडमच्या खोलीत तुम्हाला काय ऐकून घ्यावं लागलं ते मी ऐकलं होतं, हेही तुम्हाला माहीत नसेल.

आमच्या गावात माणूस वेळेवर आला नाही तर मागचा त्याचा दगड पुढे सरकवतो. तुम्ही माझा सरकवत राहिलात. मी कुठे होतो ते विचारलं नाहीत. माझ्या घरी पगार येतो, आप्पा आता सुखानं झोपतात, धाकटी बहीण बेळगावला कॉलेजात जाते, यातलं सगळं तिथून सुरू झालं. त्याबद्दल आभार कसे मानायचे हे मला अजून नीट जमत नाही. पुढच्या रविवारी वडगावला येतोय. रागवायचं असेल तर तेव्हा रागवा, मी ऐकून घेईन.

एक काम सांगतो. तुमच्या वहीत त्या गुरुवारच्या पानावर चौदासमोर 'काढली, फरक नाही' असं लिहिलंय. ते खोडू नका. जुनं राहू द्यायचं, हे तुम्हीच शिकवलंय. त्याच्या शेजारी एवढंच लिहा: 'काढलीच नव्हती.' आणि त्याखाली माझं नाव घाला. त्या वेळी मॅडमनी विचारूनही तुम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं.